तारीख म्हणजे क्षण नव्हे: जन्मतारीख एक दिवस मागे का सरकते?

प्रश्न असा आहे. एका शिक्षण संस्थेच्या आस्थापना विभागाची प्रणाली आहे. डेटाबेस पोस्टग्रेसचा, सर्व्हर जावाचा, पडद्यावरची बाजू जावास्क्रिप्टची. महिनाअखेरचे अहवाल पायथॉनमधून निघतात आणि जुन्या नोंदी एक्सेलमधून चढवल्या जातात. कर्मचाऱ्यांची जन्मतारीख कधी बरोबर येते, कधी एक दिवस मागे जाते. प्रत्येक भाषेचा तारखेचा प्रकार वेगळा, मग या सगळ्यांमधून तारीख कोणत्या रूपात न्यायची?

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. जन्मतारीख वाटेत कुठेही ‘क्षण’ होता कामा नये. डेटाबेसमध्ये तिचा रकाना निव्वळ डेट प्रकारचा ठेवा, टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ मिळून होणारा प्रकार) नको. जावामध्ये लोकलडेट, पायथॉनमध्ये डेट, सी शार्प असेल तर डेटओन्ली वापरा. जावास्क्रिप्टमध्ये ती साधी स्ट्रिंगच राहू द्या. तिथली तारखांची नवी सोय, टेम्पोरल, वापरता येत असेल तर त्यातला प्लेनडेट घ्या. आणि एका भाषेतून दुसरीकडे जाताना ती दहा अक्षरांचा मजकूर म्हणून जाऊ द्या: चार अंकी वर्ष, दोन अंकी महिना, दोन अंकी दिवस, मध्ये आडव्या रेघा. १९६४-०६-०१ असं. वेळ नाही, टाइमझोन नाही, शेवटी झेड (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ दाखवणारं अक्षर) नाही. आयएसओ ८६०१ आणि आरएफसी ३३३९ या तारीख लिहिण्याच्या दोन्ही प्रमाणांत हे रूप बसतं आणि प्रणालींमधल्या जोडणीचं वर्णन करण्याच्या ओपनएपीआय या प्रमाणात ‘डेट’ म्हणतात ते हेच.

गेली वीसेक वर्षं मी वेगवेगळ्या भाषांतल्या प्रणाली एकमेकींना जोडायचं काम करतो. या कामात तारखांनी जितका वेळ खाल्ला तितका दुसऱ्या कशानेच नाही. दर वेळी मूळ एकच निघालं. ‘तारीख’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी ठेवतो. एक म्हणजे क्षण: अमुक व्यवहार नोंदला गेला तो क्षण, जो पुण्यात आणि न्यू जर्सीत एकच असतो, फक्त घड्याळं वेगळी दाखवतात. दुसरी म्हणजे कॅलेंडरवरची चौकट: जन्मदिवस, रुजू झाल्याचा दिवस, रजेचा दिवस. या चौकटीला वेळ नसते, त्यामुळे तिला टाइमझोनही नसतो.

पंचांग पाहणाऱ्या घरात वाढलेल्याला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. तिथी संपते तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. पण ती तिथी कॅलेंडरच्या कोणत्या चौकटीत छापायची हे त्या त्या गावच्या सूर्योदयावर ठरतं, संकष्टीच्या बाबतीत चंद्रोदयावर. म्हणून अमेरिकेतल्या बहिणीची संकष्टी कधी कधी आपल्या आदल्या तारखेला येते. क्षणावरून चौकट काढायची तर ठिकाण लागतंच. ठिकाण न सांगता काढली, तर प्रोग्राम स्वतःच्या मनाने कुठलं तरी ठिकाण धरतो. तुमची जन्मतारीख नेमकी तिथे सरकते आहे.

आता एका तारखेचा प्रवास जवळून पाहू. पडद्यावरच्या डेट पिकरमध्ये लिपिकाने १ जून १९६४ निवडलं. बरेच डेट पिकर जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट परत देतात. त्या ऑब्जेक्टचं नाव डेट असलं तरी त्याच्या पोटात १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद असतात, म्हणजे तो क्षण आहे. लिपिकाचा संगणक भारतीय वेळेवर असल्याने तो क्षण झाला १ जूनची आपली मध्यरात्र. हाच ऑब्जेक्ट जेसनमध्ये, म्हणजे प्रणालींमधल्या देवाणघेवाणीच्या मजकुरी रूपात, घातला की जावास्क्रिप्ट तो यूटीसीत लिहितं आणि साडेपाच तास वजा होतात. सर्व्हरला मिळतं ३१ मे १९६४, १८:३०:००, शेवटी झेड. सर्व्हरवर कुणी तरी ‘मला वेळ नकोच आहे’ म्हणून पहिली दहा अक्षरं कापून घेतली, आणि ३१ मे डेटाबेसमध्ये गेली. यात एकाही ओळीने चूक दाखवली नाही, कुठे अपवाद फेकला गेला नाही.

हा १८:३० नीट लक्षात ठेवा. भारतीय प्रणालीत जिथे जिथे तो दिसेल, तिथे कुणी तरी चौकटीचा क्षण केला आहे.

उलट दिशेचं गणित वेगळं आहे. सर्व्हरने १९६४-०६-०१ एवढाच मजकूर पाठवला आणि पडद्यावरच्या कोडने त्यावरून डेट ऑब्जेक्ट बनवला, तर जावास्क्रिप्टच्या नियमाप्रमाणे नुसत्या तारखेचा मजकूर यूटीसी मध्यरात्र मानला जातो. भारतात तो क्षण १ जूनच्या पहाटे साडेपाचचा, म्हणून दिवस बरोबर दिसतो. न्यू जर्सीत बसलेला मुलगा वडिलांची माहिती तपासायला तेच पान उघडतो, तेव्हा त्याला ३१ मे दिसतो. त्याच मजकुराला मध्यरात्रीची वेळ जोडली आणि झोन दिला नाही, तर मात्र तो स्थानिक वेळ मानला जातो. म्हणजे आपल्याकडे दिवस पाठवताना हरवतो आणि अमेरिकेत वाचताना. पुण्यात बसून वाचायची बाजू कितीही तपासा, ती चूक दिसणार नाही.

‘कधी बरोबर, कधी मागे’ याचं दुसरं कारण बहुधा जावाच्या बाजूला आहे. जुना एसक्यूएल-डेट हा युटिल-डेटचाच वंशज आहे आणि युटिल-डेट म्हणजे पुन्हा मिलिसेकंदांचा क्षण. डेटाबेसमधली चौकट त्यात वाचताना ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा) सर्व्हरच्या टाइमझोनची मध्यरात्र धरतो. सर्व्हर भारतीय वेळेवर असेल तर यूटीसीत १८:३०, आदला दिवस. सर्व्हर कंटेनरमध्ये हलवला आणि तो यूटीसीवर चालू लागला, की ००:००, दिवस बरोबर. चाचणीचा सर्व्हर एका झोनवर आणि चालता सर्व्हर दुसऱ्यावर असेल, तर तुम्ही वर्णन केलंय तसंच होतं. २०१४ साली जावा ८ मध्ये लोकलडेट (चौकट) आणि इन्स्टंट (क्षण) हे वेगळे प्रकार आले, ते याच गोंधळावरचं उत्तर आहे. जावाच्या डेटाबेस-जोडणीच्या जेडीबीसी ४.२ या आवृत्तीपासून ड्रायव्हरकडून थेट लोकलडेट मागता येतो. तो मागा आणि एसक्यूएल-डेट कोडमधून कायमचा काढा.

ही चूक लवकर कुणाच्या लक्षात का येत नाही, याचं आपल्याकडचं एक खास कारण असू शकतं. मी ते एका संस्थेत प्रत्यक्ष पाहिलं आहे. जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी १ जून लावून टाकायचे. आणि सेवानिवृत्तीचा नियम असा, की जन्मतारीख महिन्याची १ असेल तर माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, इतर कोणतीही असेल तर त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आता १ जूनवाला घ्या: खरी निवृत्ती ३१ मे. तारीख सरकून ३१ मे झाली, तरी निवृत्ती ३१ मेच. उत्तर बरोबर! तपासणीसाठी काढलेल्या यादीत असेच लोक जास्त होते, म्हणून सगळ्यांनी सही केली. मग एका बाईंना निवृत्तीचं पत्र महिनाभर आधी गेलं. त्यांची जन्मतारीख २ जून. प्रणालीत ती १ जून झाली होती आणि ३० जूनची निवृत्ती ३१ मेवर आली होती. त्या सेवापुस्तक हातात घेऊन कार्यालयात उभ्या होत्या, ते मी विसरलेलो नाही. तुमच्या चाचणीच्या माहितीत २ तारखेचा जन्म असलेला माणूस घालाच.

अशी चूक सापडली की सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे ‘साडेपाच तास मिळवून टाका’. कृपा करून हे करू नका. भारतीय वेळ कायम साडेपाच तासच पुढे होती असं नाही. दुसऱ्या महायुद्धात घड्याळं आणखी एक तास पुढे केली होती: ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ च्या मध्यापर्यंत आणि पुन्हा सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. टाइमझोनच्या माहितीकोशात हे नोंदलेलं आहे आणि जावा, ब्राउझर, पायथॉन तो कोश पाळतात. त्यामुळे १ जून १९४३ ला जन्मलेल्या निवृत्तिवेतनधारकाची मध्यरात्र यूटीसीत १७:३० होते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा. इतर सगळे दुरुस्त झाले आणि ऐंशी ओलांडलेली माणसं तेवढी चुकीची राहिली!

दुसरा जुगाड म्हणजे तारखेला यूटीसी दुपारचे बारा लावून पाठवायचे, म्हणजे कुठेही दिवस बदलणार नाही. भारतात चालतो, अमेरिकेतही चालतो, पण न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात घड्याळ तेरा तास पुढे असतं, तिथे उद्याची तारीख दिसते. मध्यरात्र धरणाऱ्यांची तर आणखी एक अडचण आहे. ब्राझीलमध्ये उन्हाळी वेळ मध्यरात्री सुरू व्हायची. साओ पावलोत ४ नोव्हेंबर २०१८ ला मध्यरात्रीचे बारा वाजलेच नाहीत, थेट एक वाजला. जो क्षण घडलाच नाही तो दिवसाचा प्रतिनिधी कसा होणार? चौकटीला वेळ चिकटवायचीच नाही, हा एकच मार्ग पक्का आहे.

आता प्रत्येक भाषेच्या उंबरठ्यावरच्या अडचणी. सगळ्या सांगत नाही, तुमच्या प्रणालीत लागतील त्या सांगतो.

जावामध्ये लोकलडेट वापरला तरी काम संपत नाही. जेसन लिहिणाऱ्या जॅक्सन या लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीला वेगळं काही सांगितलं नाही, तर ती लोकलडेट तीन आकड्यांच्या यादीत लिहिते: १९६४, ६, १. पलीकडे कुणी हे तीन आकडे तसेच जावास्क्रिप्टच्या डेटला दिले तर निघतो १ जुलै, कारण तिथे महिने शून्यापासून मोजतात. ही रीत सीच्या टीएम स्ट्रक्चरमधून चालत आलेली आहे. त्यात महिना ० ते ११, दिवस मात्र १ ते ३१ आणि वर्ष १९०० वजा करून. सीमधल्या लायब्ररीशी जोडताना टीएम स्ट्रक्चर बाहेर देऊ नका. वर्ष, महिना, दिवस असे तीन साधे पूर्णांक द्या आणि महिना १ पासून आहे हे दस्तऐवजात लिहून ठेवा. जॅक्सनमध्ये तारखा टाइमस्टॅम्प म्हणून लिहिण्याची सोय बंद करा, की दहा अक्षरी मजकूर मिळतो. जावाचं स्प्रिंग बूट हे तयार साधन ती आपणहून बंद करतं, म्हणून एका प्रकल्पात चालणारं दुसऱ्यात चालत नाही.

पायथॉनमध्ये डेटटाइम हा डेटचाच उपप्रकार आहे. म्हणजे ‘ही डेट आहे का’ असं विचारलं तर डेटटाइमही होकार देतो आणि तुमची तपासणी ओलांडून आत शिरतो. पण १ जूनची डेट आणि १ जून मध्यरात्रीचा डेटटाइम समान आहेत का विचारलं, तर उत्तर नाही. डिक्शनरीत शोधलेल्या नोंदी अशाच ‘सापडत नाहीत’. तक्त्यांसाठीची पांडाज ही लायब्ररी वापरत असाल तर आणखी सांभाळा. तिच्या मूळ प्रकारांत निव्वळ तारखेचा स्वतंत्र रकाना नाही. तारखा मध्यरात्रीच्या टाइमस्टॅम्पमध्ये जातात आणि जेसनमध्ये काढताना वेगळं न सांगितल्यास मिलिसेकंदांचे आकडे होऊन बाहेर पडतात. अहवालातून बाहेर देण्याआधी त्यांचा दहा अक्षरी मजकूर स्वतः करा.

गो भाषेत प्रमाण लायब्ररीत निव्वळ तारखेचा प्रकारच नाही. तिथला टाइम प्रकार जेसनमधून वाचताना पूर्ण वेळ आणि झोन मागतो आणि दहा अक्षरांचा मजकूर नाकारतो. मला ही कडकपणाची सवय आवडते, कारण चूक तिथेच ओरडते. पण मग बरेच जण तारखेमागे शून्य वाजून शून्य मिनिटं आणि झेड चिकटवून मोकळे होतात, आणि आपण पुन्हा सुरुवातीला येतो. वर्ष, महिना, दिवस असा छोटा स्ट्रक्ट करून त्याचं जेसनचं लेखन-वाचन स्वतः लिहा, पंधरा-वीस ओळींचं काम आहे. सी शार्पमध्येही २०२१ च्या डॉटनेट ६ पर्यंत डेटओन्ली नव्हता. त्या आधीच्या प्रत्येक कोडमध्ये मध्यरात्रीचा डेटटाइम असणार हे धरून चला. आणि ऑरॅकल डेटाबेसशी जोडणी असेल, तर तिथल्या डेट नावाच्या प्रकारात सेकंदांपर्यंतची वेळही असते. नावावर भरवसा ठेवू नका.

एक्सेलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडची बहुतेक जुनी माहिती तिथूनच येते. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे दिवसांचा क्रमांक. १ जानेवारी १९०० ला १ धरलं आहे, आणि कधीच न आलेली २९ फेब्रुवारी १९०० सुद्धा मोजली आहे. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमधली ही चूक सुसंगतीसाठी मुद्दाम ठेवली गेली. १ मार्च १९०० नंतरच्या तारखांना क्रमांकातून २५५६९ वजा केले की १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस मिळतात. आपली १ जून १९६४ एक्सेलमध्ये २३५२९ आहे, म्हणजे १९७० पासून उणे २०४०. काही फायली १९०४ पासून मोजतात, त्यांच्यात १४६२ दिवसांचा फरक पडतो. एखाद्या फायलीतली सगळी माणसं चार वर्षांनी मोठी दिसली तर हे तपासा.

पण जास्त नुकसान क्रमांकांनी होत नाही, मजकुराने होतं. लिपिकाने ०१/०६/१९६४ लिहिलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाईल) अमेरिकन मांडणीच्या संगणकावर उघडली, की एक्सेल तिला ६ जानेवारी करतं. १३/०६/१९६४ मात्र त्याला समजत नाही, कारण तेरावा महिना नाही, म्हणून ती मजकूर म्हणून तशीच राहते. फाईल सेव्ह झाली की एकाच रकान्यात उलटलेल्या आणि न उलटलेल्या तारखा शेजारी शेजारी बसतात आणि मागाहून नुसत्या पाहून त्या ओळखता येत नाहीत. एक्सेलमधून घेताना खरा क्रमांक असलेला सेल तेवढाच तारीख म्हणून घ्या. रकान्यात असा मजकूर सापडला तर त्या ओळी आणि त्यांच्या शेजारचे क्रमांक दोन्ही बाजूला काढून माणसाकडून तपासून घ्या, आणि सीएसव्ही शक्यतो मधे येऊच देऊ नका.

दोन अंकी वर्षाबद्दल तर मी हट्टी आहे: सीमेवर ते सरळ नाकारा. ‘६४’ एक्सेलला दिलं तर १९६४. पायथॉनच्या दोन अंकी वर्षाच्या खुणेने वाचलं तर २०६४, कारण तिथे ६८ पर्यंतचे आकडे दोन हजारांत जातात. जावाच्या जुन्या सिंपलडेटफॉरमॅटने १९६४, नव्या डेटटाइमफॉरमॅटरने २०६४. जावास्क्रिप्टच्या डेटला वर्ष म्हणून ६४ दिलं तर १९६४. एकच नोंद, दोन शतकं, आणि दोन्ही उत्तरं आपापल्या नियमाने बरोबर.

मराठी प्रणालींचा म्हणून एक स्वतंत्र त्रास आहे, ज्याबद्दल इंग्रजी मार्गदर्शकांत फारसं सापडणार नाही. युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीकोशात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी आहेत, हिंदीसाठी नाहीत. त्यामुळे फोनची भाषा मराठी केली आणि ॲपने तारीख फोनच्या भाषेप्रमाणे मजकुरात लिहिली, तर सर्व्हरला तारीख देवनागरी अंकांत जाते, अगदी या उत्तरात छापली आहे तशी. जावाचा लोकलडेट ती नाकारतो. जावास्क्रिप्ट त्या अंकांना संख्या मानत नाही. पायथॉनचा इंट मात्र ते अंक आनंदाने वाचतो. म्हणून तक्रार अशी येते की ‘काहींच्याच फोनवर अर्ज जात नाही’, आणि ते सगळे मराठीत फोन वापरणारे निघतात. आपल्या भाषेत फोन वापरणाऱ्याची ही शिक्षा आहे, आणि ती आपण दिलेली असते. पडद्यावर देवनागरी अंक जरूर दाखवा, दाखवायलाच हवेत. सीमा ओलांडणारा मजकूर मात्र कोणत्याही भाषेला न बांधलेल्या लोकेलने (लोकेल म्हणजे भाषा-प्रदेशाची मांडणी) लिहा; जावात त्याला रूट लोकेल म्हणतात.

लाखो ओळी एका भाषेतून दुसरीकडे न्यायच्या असतील तर मजकूर महाग पडतो. तिथे १९७० पासूनच्या दिवसांचा पूर्णांक वापरा. मोठ्या तक्त्यांच्या देवाणघेवाणीच्या ॲपॅची ॲरोमधला डेट३२ आणि साठवणीच्या पार्केमधला डेट हेच करतात, आर भाषेतला डेटही आतून दिवसांचाच आकडा आहे. दिवस मोजले की झोनचा प्रश्न उठत नाही, सेकंद मोजले की उठतो. आणि सेकंदांवरून दिवस काढायची वेळ आलीच, तर ऋण आकड्यांचा भागाकार पाहून घ्या. १ जून १९६४ ची भारतीय मध्यरात्र म्हणजे उणे १७,६२,७५,८०० सेकंद. त्याला ८६,४०० ने भागलं की जावा आणि सी शून्याकडे तोडून उणे २०४० देतात, म्हणजे १ जून. पायथॉनचा पूर्णांकी भागाकार खाली तोडून उणे २०४१ देतो, म्हणजे ३१ मे. खरं तर त्या क्षणाचा यूटीसी दिवस ३१ मेच आहे, जावाने चुकून हवं ते उत्तर दिलं. १९७० नंतर जन्मलेल्यांना दोन्हीकडे आदलाच दिवस मिळतो. तुमच्याकडे ‘जुने लोक बरोबर, नवे चुकीचे’ असा नमुना दिसला तर इथे शोधा. जावात खाली तोडणारा फ्लोअरडिव्ह वापरा, म्हणजे निदान चूक तरी सगळीकडे सारखी होईल आणि सापडेल.

माहीत नसलेल्या तारखेसाठी नल, म्हणजे रिकामी नोंद, वापरा. गो आणि सी शार्पमध्ये तारीख भरलीच नाही तर आपोआप १ जानेवारी, वर्ष १ असं येतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा जुना डेटटाइम १७५३ च्या आधीचं काही घेत नाही, म्हणून ती नोंद तिथे आपटते. ‘कायम’ या अर्थाने ३१ डिसेंबर ९९९९ लिहिण्याची प्रथा आहे, पण पांडाजचा नॅनोसेकंदांचा टाइमस्टॅम्प २२६२ सालापर्यंतच पोचतो. आणि फक्त वर्ष माहीत असेल तर वर्षाचा रकाना वेगळा ठेवा. आपल्या मनाने दिवस आणि महिना भरू नका. गुरुजींच्या १ जूनने केलं ते तेच होतं, आणि त्या तारखेवर माणसांची सेवा संपली.

सगळ्याच तारखा चौकटी नाहीत हेही खरं. अर्ज कधी सादर झाला, पगारपत्रकावर सही कधी झाली, हे क्षण आहेत. ते टाइमस्टॅम्पविथटाइमझोन आणि इन्स्टंटमध्ये ठेवा आणि यूटीसीत झेडसह पाठवा. पोस्टग्रेसच्या या प्रकाराच्या नावात टाइमझोन असला तरी तो झोन साठवत नाही, फक्त क्षण साठवतो. पुढच्या वर्षीची बैठक हा तिसराच प्रकार: तिथे स्थानिक वेळ आणि झोनचं नाव, आशिया/कोलकाता असं, दोन्ही ठेवावं लागतं. टाइमझोनच्या माहितीकोशाप्रमाणे भारतात १९४५ पासून नियम बदललेला नाही म्हणून आपल्याला त्याची गरज जाणवत नाही, पण मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशात उन्हाळी वेळ बंद केली आणि इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. आधीच यूटीसीत बदलून ठेवलेल्या तिथल्या बैठका एक तासाने चुकल्या असणार.

तुमच्या संस्थेत इतिहास विभागाची सूचीही याच डेटाबेसमध्ये आहे का, माहीत नाही, पण असेल तर एवढं सांगून ठेवतो. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन कालगणनेतली आहे. ग्रेगोरियन कालगणनेत तो दिवस १ मार्च १६३० येतो, वार शुक्रवार. जावाचा लोकलडेट, पायथॉन, पोस्टग्रेस मागच्या सगळ्या तारखा ग्रेगोरियन धरतात, म्हणून १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला तर मंगळवार सांगतात. अशा नोंदींत तारखेबरोबर कालगणनेचं नाव वेगळ्या रकान्यात ठेवावं लागतं, डेट प्रकार ते ठेवू शकत नाही.

आता जे बिघडलंय ते दुरुस्त कसं करायचं. मूळ क्षण कुठे टिकून आहे का ते आधी पाहा: सर्व्हरच्या नोंदवह्या, जुना टाइमस्टॅम्पचा रकाना, बदलांच्या इतिहासाचा तक्ता. जिथे १८:३० आहे, किंवा युद्धकाळातल्या जन्मांना १७:३० आहे, तिथे तो क्षण आशिया/कोलकाता झोनमध्ये वाचा. मूळ दिवस नेमका परत मिळतो. पण दहा अक्षरं कापून साठवलेल्या नोंदींत हा ठसा उरलेला नाही. ३१ मे ही खरी ३१ मे आहे की सरकलेली १ जून, हे त्या नोंदीकडे पाहून कुणालाच सांगता येणार नाही. सरसकट एक दिवस वाढवला, तर एक्सेलमधून आलेल्या बरोबर तारखा बिघडतील. नोंद कोणत्या मार्गाने आली, पडद्यावरून की फायलीतून, आणि सर्व्हर कोणत्या झोनवर होता तेव्हा आली, त्यावरून गट पाडा. संशयित गटातल्या प्रत्येकाची तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहा. सुरुवात या वर्षात आणि पुढच्या वर्षात निवृत्त होणाऱ्यांपासून करा, आणि त्यातही प्रणालीत १ तारीख दिसणाऱ्यांपासून; त्यांच्यातल्या कुणाचा तरी जन्म २ तारखेचा असू शकतो.